गालिच्याला पाणी दाखवलं

धुणं या विषयात मला कोणी शिकवलेलं खपत नाही. स्वयंपाकात शिकवा, ऐकून घेईन. माझी पुरणपोळी तव्यावर फुटते हे सगळ्या भावकीला माहीत आहे. पण धुण्यात नाही. कयाधूच्या काठी आमच्या गावचे धुण्याचे दगड आहेत, त्यातला एक लग्न होऊन आल्यापासून माझा आहे. आता घरोघरी नळ आले, माझ्याकडे वॉशिंग मशीनही आलं, तरी त्या दगडावर दुसरी बाई बसलेली दिसली की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव नरसीच्या जवळ. नवरात्राच्या आधी, पितृपाटाच्या म्हणजे पितृपक्षाच्या दिवसांत, इथे प्रत्येक बाई आपलं घर उलटं करते. गोधड्या, सतरंज्या, पडदे, उशांच्या खोळी, सासऱ्यांच्या वेळचं घोंगडं, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नदीवर न्यायचं. घट बसायच्या आत घरात न धुतलेलं कापड राहता कामा नये. हा नियम माझ्या सासूने मला लावला, आणि मी तिच्यापेक्षा कडक निघाले.

नियम सगळ्यांना एक असला तरी रीत एक नसते. सतरंजीचा रंग कच्चा. पहिल्या धुण्याला तिला मिठाच्या पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर लाल पट्टा निळ्यात घुसतो आणि सगळीच जांभळी होऊन बसते. पुढे मात्र तिची घडी करून खुशाल धोपाटण्याने बडवा, ती काही म्हणत नाही. प्लास्टिकच्या चटईला खराटा चालतो. घोंगड्याचे लाड फार. त्याला गरम पाणी नको, साबण नको, पिळणं तर नकोच. रिठ्याच्या पाण्यात हलकं दाबून काढायचं आणि सावलीत आडवं टाकायचं. एका वर्षी आमच्या ह्यांनी हौसेने घोंगडं ऊन पाण्यात बुचकळलं होतं. ते इतकं आटलं की पुढे वासराच्या पाठीवर टाकायच्या कामाचं राहिलं. तेव्हापासून आमचे हे आणि धुणं यांची मी ताटातूट केलेली आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात सून आली, आणि तिच्यासोबत गालिचा आला.

सून हिंगोलीची. तिथल्याच एका शाळेत शिकवते, सकाळी जीपने जाते, दुपारी येते. वडील तिच्या लहानपणीच गेले. आईने शिवणकाम करून तिला वाढवलं, आणि लग्नाच्या आदल्या वर्षी आईही गेली. लग्नात तिच्या मामाने कपाट विचारलं, फ्रिज विचारला. ही म्हणाली, मला फक्त आईचा गालिचा द्या. वरातीच्या गाडीत मागच्या सीटवर नवरा-नवरी, आणि त्यांच्या मांडीवर आडवा गुंडाळलेला गालिचा, अशी आमची वरात आली. बायका अजून हसतात.

गालिचा तसा चांगला होता. मोटारसायकलवर गालिचे लादून फिरणारे फेरीवाले असतात, त्यांच्यापैकी एकाकडून तिच्या आईने तो दारावर घेतलेला. लोकरीचा, जाड, कडेने मेंदीच्या रंगाची वेलबुट्टी आणि मधला सगळा भाग भुरा. मला तो भुरा रंग आवडला नव्हता. इतक्या हौसेने वस्तू घेताना बाईने मातीचा रंग काहून घेतला असेल, असं मनात आलं होतं. पण गेलेल्या विहिणीच्या आवडीला नावं ठेवू नयेत म्हणून गप्प बसले. आणि त्या भुऱ्या रंगावर, एका टोकाला, हाताच्या पंजाएवढा चहाचा डाग होता.

पितृपाट लागला आणि मी गालिच्याकडे मोर्चा वळवला. लोकरीचं गालिच्याएवढं धूड मी कधी धुतलेलं नव्हतं. पण कबूल कोण करणार? मी सहज विचारल्यासारखं करून इकडेतिकडे विचारलं, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला.

शेजारी माझी चुलत जाऊ राहते. ती म्हणाली, "रिठा लाव बाई, घोंगड्याचीच जात हाय ती."

आमचे हे म्हणाले, "कनेरगाव नाक्यावर ढाब्याच्या बाजूला ट्रक धुवायचा पंप हाय. फवारा असा सुटतो, चाकाचा चिखल उडून जातो. तुझा गालिचा काय चीज हाय!"

हिंगोलीतल्या लॉण्ड्रीवाल्याला सुनेच्या हाती विचारून घेतलं. तो म्हणाला, द्या, नांदेडला पाठवतो, दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यानंतर मला काय त्याचं लोणचं घालायचं होतं?

मग सुनेने मोबाइल काढला. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र खोलीत पांढऱ्या गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवत होती. तिच्या घरात ना माती होती, ना कोंबडी, ना नवरा. तरी तिचं एक म्हणणं मला पटलं. आधी कोपरा बघा, असं ती सांगत होती. आम्ही पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यातल्या वेलबुट्टीवर दाबून धरलं. रंग फडक्याला लागला नाही. म्हणजे रंग पक्का. मी खुशीत म्हणाले, "झालं तर मग. रिठ्याच्या पाण्यात काढू, तो डागही निघून जाईल."

सुनेचा चेहरा उतरला.

"आत्या, धुवायचा नाही," ती म्हणाली. "झाडू, ऊन दाखवू. पण धुवायला नको. तो डाग जाईल."

"आगं, डाग जावा म्हणूनच धुवून राहिलो ना आपण?"

"तो राहू द्यायचाय मला."

मी कपाळावर हात मारून घेतला. उभ्या आयुष्यात डाग राहू द्या म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. पण पोरगी हट्टी नाही, हे सहा महिन्यांत कळलं होतं. मी तिला खाली बसवलं आणि विचारलं, "काहून गं?"

तिने सांगितलं ते असं. आई कडक होती. गालिच्यावर चप्पल नाही, खाणं नाही, पाव्हण्यांनीसुद्धा पाय पुसून बसायचं. स्वतः मात्र दुपारी मशीनवरून उठली की भिंतीकडच्या टोकाला बसून एक कप चहा प्यायची. तेवढीच तिची चैन. पोरीचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती अशीच बसलेली. पोरगी नेट कॅफेतून पळत आली आणि अंगणातूनच ओरडली, आई, कॉलेजात पहिली आले! मग चपला काढून आत गेली. बघते तर आई गालिच्यावर बसून पदराने सांडलेला चहा टिपतेय. वर बघून म्हणाली, "चहा सांडला. फडकं आण आधी."

"एवढंच म्हणाली," सून म्हणाली. "फडकं आण. जवळ घेतलं नाही, काही नाही. रात्री शिरा केला, पण बोलली काहीच नाही. तिचा स्वभावच तसा होता. पण आत्या, तिच्या हातून आयुष्यात दुसरं काही सांडल्याचं मला आठवत नाही. माझं ऐकूनच हात हलला असेल ना तिचा? तेवढंच आहे माझ्याकडे."

ती हसत हसत सांगत होती, पण मला कसंतरी झालं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या विहिणीचा थोडा रागही आला. पोर पहिली येते आणि ही बाई फडकं मागते!

आता एकीकडे माझा घटाचा नियम, दुसरीकडे सुनेचा डाग. मी तापट आहे, पण दगड नाही. रात्रभर विचार करून एक तोडगा काढला. ज्या वस्तू भिजवता येत नाहीत, उदाहरणार्थ गादी, त्यांना माझी सासू हाताने दोन-चार थेंब शिंपडायची आणि म्हणायची, पाणी दाखवलं, झालं शुद्ध. एरवी "पाणी दाखवलं" ही मी आळशी बायकांच्या धुण्याला दिलेली शिवी आहे. पण इथे ती कामाला आली. सुनेला म्हणाले, "आपन त्याला नुसतं पानी दाखवू. तुझा डाग भिजनार बी न्हाई." तिने माझा हातच धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घटाची परडी, मातीचं गाडगं, नवी ओटी असं सामान आणायला आम्ही दोघी हिंगोलीला निघालो. जीपवाला हॉर्न मारून राहिला होता. आमचं पोरगं सोयाबीन काढायच्या गडबडीत पहाटेच शेतावर गेलेलं. आमचे हे ओट्यावर बसले होते. पाणी घरच्या मोठ्या माणसाच्या हातचं चांगलं, म्हणून मी जीपमध्ये चढता चढता ओरडले, "आवो, त्या गालिच्याला तेवढं पानी दाखवून ठिवा!"

"व्हय व्हय," हे म्हणाले.

बाजार झाला. सुनेने मला उसाचा रस पाजला, मी तिला बांगड्या भरल्या. परतताना जीप नदीच्या पुलावर आली आणि शेजारी बसलेली एक बाई खाली बघून म्हणाली, "कोनाचं ढोर मेलं का काय पान्यात?"

मी वाकून बघितलं. नदीच्या पात्रात, बरोबर माझ्या दगडावर, आमचा गालिचा पालथा पडलेला होता. अर्धा दगडावर, अर्धा वाहत्या पाण्यात. आणि आमचे हे, धोतर गुडघ्यावर खोचून, त्याची एक कड बैलाच्या कासऱ्यासारखी हातात धरून निवांत उभे होते. तोंडाने चक्क शीळ घालत होते. जनावर पाणी पीत असताना घालतात ना, तशी.

जीप थांबवायला सांगताना माझा आवाज असा लागला की ड्रायव्हरने ब्रेक दाबून मग विचारलं काय झालं. मी परडीसकट उतार उतरले. मागे सून. 

"काय केलं वो तुमी हे!"

"काहून? काय झालं?" हे गोंधळले. "तूच म्हनलीस, पानी दाखवा."

"पानी दाखवा म्हनलं, बुडवा म्हनलं का?"

"आता बैलाला पानी दाखव म्हनल्यावर म्या काय तांब्या दाखवून परत आनतो का? नदीवर न्यायचं, पोटभर पिऊ द्यायचं. आजवर कोन्या जनावराची तक्रार न्हाई." मग सुनेकडे बघून जरा हळू म्हणाले, "साबन न्हाई लावला पोरी. बडवलं बी न्हाई. घोंगड्याची चूक ध्यानात हाय माझ्या. थंड पान्यातच ठिवलं."

मला ओरडायचं होतं, पण चूक माझ्याच शब्दांत होती. चाळीस वर्षं ढोरांमागे फिरलेल्या माणसाला पाणी दाखव म्हटल्यावर त्याला नदीच दिसणार. वर त्यांनी ट्रॅक्टर जोडला होता, एकट्याने ते धूड ट्रॉलीत चढवलं होतं, मन लावून केलं होतं सगळं. ओरडायची सोय नाही म्हटल्यावर मला आणखीच राग आला. मग मी तो कामात घातला.

भिजलेला गालिचा उचलायला गेलो तर हलेना. गाभण म्हशीला उठवावं तसं काठावरच्या चौघापाचांनी लावून धरलं. त्याच्या पोटातून काळं पाणी असं निघत होतं की विहीण बाई इतकी टापटिपीची, तिच्या वस्तूत एवढी धूळ कुठून आली, असं मला वाटलं. मी सगळ्यांना बजावलं की पिळायचा नाही, दुमडायचा नाही. आतली ज्यूटची वीण तुटली की लोकर केसासारखी गळायला लागते, एवढं मोबाइलवालीने सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. ट्रॉलीत उतार करून तो निथळायला ठेवला, मग अंगणात ताडपत्रीवर आणला.

सून जवळ बसली आणि ओला हात त्या टोकावर ठेवून बघू लागली. ओला असताना सगळाच गालिचा काळा दिसत होता. डाग आहे की गेला, काही कळत नव्हतं.

"वाळल्याशिवाय कळणार नाही," ती म्हणाली.

"वाळू दे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग वाळवायचा उद्योग सुरू झाला. ह्यांची जुनी धोतरं आणि माझी मऊ लुगडी वर अंथरली आणि त्यावर आम्ही अनवाणी चाललो, म्हणजे पाणी कापडात उतरतं. आधी हे आणि मी. मग जाऊ आली, ती चढली. तिच्या मागून गल्लीतल्या दोघी आल्या. एकीने फेर धरला, दुसरीने भुलईचं, म्हणजे भुलाबाईचं, गाणं उचललं, आणि माझ्या अंगणात पितृपाटातच धिंगाणा सुरू झाला. सून पण हसली. धोतरं पिळली की काळं पाणी निघायचं, की परत अंथरायची, परत नाचायचं. ह्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गालिचा एकट्याने ट्रॉलीत चढवताना कुठे गेले होते गुडघे, असं विचारल्यावर परत नाचायला लागले.

त्यानंतर दोन बाजा, म्हणजे सुताच्या खाटा, शेजारी मांडून त्यांवर गालिचा पालथा टाकला, खालून हवा लागावी म्हणून. कडक उन्हात रंग उडतो, म्हणून कडुलिंबाच्या सावलीत. दिवस मावळला की उचलून पडवीत, समोर कूलर. कूलरमध्ये पाणी भरायचं नाही, नुसतं वारं सोडायचं, हे ह्यांना मी चार वेळा समजावलं. "ह्या कूलरला पानी दाखवू नका," असं म्हणाले आणि जीभ चावली. "म्हंजी, घालू नका!"

तेवढ्यात ढग आले. सोयाबीन उघड्यावर पडलेलं. अख्खं गाव ताडपत्र्या घेऊन शेताकडे पळालं, आणि आमच्या ह्यांनी घरातली एकुलती एक चांगली ताडपत्री सोयाबीनला न नेता गालिच्यावर बांधली. पोरगं शेतातून फोनवर ओरडत होतं. हे म्हणाले, "सोयाबीन जुन्या ताडपत्रीनं झाक. पुढच्या साली परत येतं ते." मी आत उभी राहून ऐकत होते. नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही. त्या दिवशी भाकरीसोबत ह्यांना ठेचा आणि वर कच्चं तेल, न मागता वाढलं.

पाऊस शिंतडून गेला. पण दुसरं संकट जाऊच्या रूपात आलं. मी आत स्वयंपाकात होते. बाहेर आले तर ही माउली गालिच्याशेजारी उकिडवी, एका हातात लिंबाची फोड, दुसऱ्यात मीठ. ओळखीचं टोक उलटवून नेमकी तिथेच घासायच्या बेतात.

"हात लावू नको त्याला!" मी एवढ्याने ओरडले की लिंबू उडून कोंबडीजवळ पडलं.

"आगं, डाग काढून देते फुकटात!"

"काढायचा न्हाई! तो ठिवायचाय!"

जाऊने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. "सासू-सून जोडीनं येड्या झाल्या," म्हणत ती मीठ पदराला पुसत निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की आमच्या घरी डागाची पूजा असते. होऊ दे. मी तर खरोखरच देवीला सांगितलं होतं की बाई, आजवर तुझ्यासाठी घरातला डाग न् डाग काढला, हा एक तेवढा राहू दे. पोरीजवळ आईचं दुसरं काही नाही.

सर्वपित्रीच्या अमावास्येला गालिचा वाळला. खालून हात घातला, वरून हात फिरवला, नाक लावून वास घेतला. ओलसरपणाचा वास नाही, कुठे आटला नाही, वीण धड. आम्ही तो पुढच्या खोलीत नेला आणि सुलटा अंथरला.

आणि तिघंही बघतच राहिलो. मधला भाग सुनेलाही लहानपणापासून भुराच आठवत होता, पण तो भुरा नव्हताच. साईसारखा पांढरट होता. इतकी वर्षं त्यात बसलेली बारीक धूळ नदीत वाहून गेली होती. विहिणीला मी मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं होतं, आणि तिची आवड तर माझ्यापेक्षा सरस होती.

"आत्या, डाग!" सून म्हणाली.

होता. पंजाएवढाच, भिंतीकडच्या टोकाला, पांढऱ्यावर आता चांगला ठळक. नुसत्या थंड पाण्याने जुना दुधाचा चहा कुठला जातोय! मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसले. हे दारातून म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं का, काय न्हाई व्हत त्याला," आणि घाम पुसला.

सून मात्र डागाकडे बघत नव्हती. डागाच्या पुढे बघत होती. मग ती गुडघ्यावर बसली आणि बोट ठेवत ठेवत पुढे सरकली.

डागापासून निघालेले चहाचे थेंब होते. आधी जवळ जवळ, मग लांब लांब, गालिच्यावरून दुसऱ्या टोकाकडे गेलेले. धुळीच्या भुऱ्या रंगात ते कोणाला कधी दिसले नव्हते.

"इकडे आमचं दार होतं," ती दुसऱ्या टोकाकडे हात करून म्हणाली.

गालिच्याच्या साधारण अर्ध्यात थेंब थांबत होते. तिथे एकाच जागी दोन-तीन ठिपके होते, कोणी कप हातात धरून उभं राहावं तसे.

मला कळायला वेळ लागला नाही. धुणं करणाऱ्या बाईला डाग वाचता येतात. सांडलेला चहा पसरतो, चालत नाही. विहीण चहा सांडून बसली नव्हती. अंगणातली हाक ऐकली तशी ती कपासकट उठली होती, कप हिंदकळत दाराकडे निघाली होती. अर्ध्यात आली, खाली बघितलं, जिवापाड जपलेल्या गालिच्यावर चहा दिसला, आणि ती मागे फिरली. पोरगी चपला काढून आत येईपर्यंत बाई पुन्हा जागेवर बसून पदराने टिपत होती.

"उठली होती, आत्या," सून म्हणाली. "येत होती माझ्याकडे. अर्ध्यापर्यंत आली होती."

आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. "गालिच्यासाठी परत फिरली! बघा ना, गालिच्यासाठी!"

मीही रडले. सांगायला लाज कसली? मी तिला जवळ घेतलं. हे काही न समजून दारातच उभे होते. त्यांना वाटलं गालिचा बिघडला. बिचारे म्हणाले, "पुन्हा पानी दाखवू का?"

दुसऱ्या दिवशी घट बसले. गालिचा अंथरताना सुनेने तो फिरवून घेतला. डाग भिंतीकडे, आणि थेंब आमच्या दाराकडे जातील असा. त्याला आता ऊन आणि हलकी केरसुणी, एवढंच. पुढच्या पितृपाटात माझ्या हाताने शिंपडून पाणी दाखवीन, आणि ते काम कोणाला सांगून जाणार नाही.

ती आता शाळेतून आली की फाटकातूनच मला हाक मारते. दुपारची मी चहा घेत गालिच्यावर बसलेली असते. हाक आली की मी उठते आणि थेट दारापर्यंत जाते. फक्त कप आधी खाली ठेवते.